फाळक्यावर शोभेल असा लोगो : घर शिफ्टिंगच्या छोट्या व्यवसायासाठी

"ट्रक काढा, त्याच्यावर घर काढा, खाली एक बाण द्या." घर शिफ्टिंगचं काम नव्याने सुरू करणारा माणूस नाशिकमधल्या शालिमारच्या माझ्या दुकानात आला की बहुतेक वेळा हेच सांगतो. मी बोर्ड रंगवत मोठा झालो, आता फ्लेक्स, रेडियम आणि लोगोचं काम करतो, त्यामुळे ही मागणी मला पाठ आहे. तसा लोगो तासाभरात होतो. पण संध्याकाळी द्वारका सर्कलला थोडा वेळ उभं राहून बघा. छोटा हत्ती, पिकअप, आयशर, सगळ्यांच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या फळीवर, तोच ट्रक आणि तेच घर.

पाथर्डी फाट्याच्या दोन भावांना याचा फटका बसला. एक छोटा हत्ती, एक पिकअप आणि चार पोरं, एवढाच त्यांचा पसारा. एका काकूंचं सामान त्यांनी इतकं नीट पोचवलं की काकूंनी बहिणीला सांगितलं, "ते ट्रकवर घर काढलेले आहेत ना, त्यांनाच बोलव." बहिणीने तसं चित्र असलेला टेम्पो रस्त्यात पाहिला, नंबर टिपला आणि काम देऊन टाकलं. तो टेम्पो दुसऱ्याच कुणाचा होता. दिवाळीत काकूंनी "बहिणीचं सामान कसं झालं?" असं विचारलं तेव्हा भावांना हे कळलं. तोंडोतोंडी चालणाऱ्या धंद्यात असं नुकसान किती वेळा होतं, याचा पत्ताच लागत नाही. त्यांचा लोगो नव्याने करताना आम्ही ज्या क्रमाने गेलो, तोच इथे सांगतो.

पायरी १ : वही घेऊन एका शिफ्टिंगला जा

कॉम्प्युटर उघडायचा नाही, गूगलवर "मूव्हर्स लोगो" शोधायचं नाही. ती चित्रं एकदा डोळ्यांपुढून गेली की हात तिकडेच वळतो. व्यवसाय तुमचाच असेल, तर एक दिवस सामानाला हात न लावता नुसतं बघत उभे राहा. जड जातं, पण करा.

मी त्या भावांबरोबर इंदिरानगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी गेलो. लिफ्ट नव्हती. थोरला आधी घरभर फिरला आणि काच कुठे कुठे आहे ते बघून घेतलं. शोकेसची काच त्याने बबल रॅपमध्ये गुंडाळली आणि वरून एक जुनी गोधडी घातली. टोक आत दुमडलं, सुतळीचे दोन वेढे दिले, गाठ अशी मारली की एका ओढीत सुटावी. मी विचारलं, गोधडी कशाला? "बबल रॅप सटकतो, दादा. जिन्यात हात घामेजतात. गोधडी पकडता येते." ती त्याच्या आईने शिवलेली होती. निळे-लाल तुकडे, पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा, एका कडेला थोडा उसवलेला. जिन्याच्या वळणावर काच दोनदा भिंतीला घासली. खाली गोधडी सोडली तशी घरातल्या आजी पुढे आल्या आणि त्यांनी काचेवरून सावकाश हात फिरवला. मग काही न बोलता रिक्षात जाऊन बसल्या, मांडीवर देव्हारा घेऊन.

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात दिसतील त्या वस्तू लिहा: ताडपत्री, सुतळी, पट्टा, खोकी, टेप, मार्कर, ट्रॉली, गोधडी. दुसऱ्यात क्रिया: गुंडाळणं, बांधणं, उचलणं, उतरवणं, खोलणं, पुन्हा जोडणं. तिसऱ्यात गिऱ्हाइकाच्या मनातली धास्ती लिहा. सामान फुटेल. एखादं खोकं गहाळ होईल. अर्ध्या वाटेत पैसे वाढवतील. अनोळखी माणसं कपाटात हात घालतील. उशीर होईल आणि नव्या घरातली पहिली रात्र गादीशिवाय जाईल.

या तिसऱ्या रकान्यासाठीच एवढी खटपट. त्यातली एकच धास्ती निवडा, जिच्यावर तुमच्या कामात खरोखर उपाय आहे. वेळेचे पक्के असाल तर तुमची कल्पना वेळेभोवती फिरेल. प्रत्येक खोक्यावर नंबर टाकून यादी गिऱ्हाइकाच्या हातात देत असाल, तर त्या नंबरातच लोगो दडलेला असू शकतो. या भावांची खासियत स्पष्ट होती. ते काच फोडत नाहीत.

पायरी २ : पहिल्या पंधरा कल्पना मोकळ्या करा

एका ए-फोर कागदावर पंधरा चौकोन आखा. प्रत्येकाला दोन मिनिटं, पेन्सिलने, रबर न वापरता. ट्रक, घर, बाण, चाक, हस्तांदोलन, पृथ्वीचा गोळा, पंख, सगळं येऊ द्या. डोक्यात वर तरंगणारी ही चित्रं एकदा कागदावर उतरली की खालचं वर येतं. मग दुसरा कागद घ्या आणि पहिल्या कागदावरचं काहीही न वापरता पुन्हा पंधरा चौकोन भरा. इथे लोक अडतात. अडल्यावर पुढे जायला मला उपयोगी पडलेल्या वाटा सांगतो.

एक वाट गावाची. नाशिक म्हटलं की द्राक्षं, गोदावरी, पांडवलेणीचा डोंगर. पण टेम्पोवर द्राक्षाचा घड दिसला तर लोक बागेचा माल समजतील. त्याऐवजी द्राक्षांचा क्रेट बघा. नाजूक माल न चेंगरता लांब न्यायचा, हे त्या क्रेटचं काम, आणि तुमचंही तेच. भांडी बाजारातला तांब्याचा हंडाही चांगला. घर बदलताना हंडा कधी मागे राहत नाही. गावातली प्रसिद्ध गोष्ट काढण्यापेक्षा तुमच्या कामाशी नातं असलेली गोष्ट काढा.

दुसरी वाट भाषेची. भावांना नावात "बिऱ्हाड" हा शब्द हवा होता, आणि "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर" म्हणून लोगोत विंचू. शब्द मला फार आवडला. विंचवाला मी ठाम नाही म्हटलं. विंचू छापलेलं खोकं कुणी गादीवर ठेवून घेणार नाही.

तिसरी वाट अक्षराची, आणि माझ्या मते सर्वांत श्रीमंत. देवनागरीकडे शिरोरेषा आहे. ती छप्पर होते, ताणलेली दोरी होते, शब्दाच्या पुढे लांबवली की रस्ता होते. "प"च्या पोटात खोकं बसतं. "ठ"चा गोल चाक होतो. "घ" तर घराचंच पहिलं अक्षर. मात्र कलाकुसरीच्या नादात अक्षर मोडू देऊ नका. शब्द चौथीतल्या मुलाला दाखवा. त्याने न थांबता मोठ्याने वाचला तर ठीक, अडखळला तर अक्षर परत सरळ करा. फेडेक्सचा लोगो लिंडन लीडर या डिझायनरने १९९४ साली केला. त्यात ई आणि एक्स या अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत बाण आहे. वर्षानुवर्षं तो न दिसलेली माणसं आहेत, आणि त्यांचं काही अडलेलं नाही, कारण नाव स्वच्छ वाचता येतं. अक्षरातली गंमत अशीच असावी.

देवादिकांची चित्रं मी सुचवत नाही. नाव साईंचं, गजाननाचं, सप्तशृंगीचं असू द्या, श्रद्धेचा भाग आहे. पण तुमचा लोगो खोक्यावर छापला जाणार, खोकं जमिनीवर ठेवलं जाणार, घाईत कुणाचा पाय लागणार. गिऱ्हाइकाला ते खटकतं आणि तुमच्या पोरांनाही.

पायरी ३ : एक कल्पना धरून ताणा

दुसऱ्या कागदावरच्या तीन कल्पना निवडा आणि प्रत्येक दहा वेगवेगळ्या प्रकारे काढा: जाड, बारीक, भरीव, नुसती रेघ, चौकोनात, गोलात. टिकाऊ कल्पना अशा वेळी वाढत जाते, कच्ची तिसऱ्या-चौथ्या चित्रालाच थकते.

आमच्या तीन कल्पना म्हणजे सुतळीची गाठ, क्रेट आणि गोधडी. गाठ छान दिसत होती, पण लहान केली की गुंता वाटायची, आणि धंद्याच्या खुणेत गुंता नको. क्रेट भाजीवाल्याचा वाटला. गोधडी काढताना मी चौकोनाच्या आतल्या कडेने धावदोरा घातला. टाका, जागा, टाका, जागा. काढता काढता ती मुंबई-आग्रा रस्त्यावरची तुटक पांढरी रेघ दिसू लागली. गोधडीचा टाका आणि रस्त्याची रेघ, दोन्ही एकाच खुणेत. शब्दातही "धाव" आहेच. धाकट्याला चित्र दाखवलं. त्याला आधी रस्ता दिसला. त्यांच्या आईला गोधडी दिसली, आणि उसवलेला टाका अजून घातला नाही म्हणून तिने पोरांना झापलं. दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या आणि दोन्ही बरोबर होत्या, तेव्हा मी बाकीचे कागद बाजूला ठेवले.

पहिल्या चित्रात चोवीस टाके होते. पुढच्या चाचण्यांमध्ये ते नऊ झाले.

पायरी ४ : अक्षरं

मुक्ता, बालू, हिंद असे चांगले देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात आणि त्यांचा परवाना व्यवसायात वापरायला मुभा देतो. मुक्ता आणि बालू तर मुंबईच्याच "एक टाइप" या संस्थेचे. शिफ्टिंगच्या कामाला जाड, मोकळी, पोटात भरपूर जागा असलेली अक्षरं घ्या. लग्नपत्रिकेची वळणदार अक्षरं चालत्या गाडीवर वाचता येत नाहीत.

फॉन्ट निवडला की "ल" आणि "श" बघा. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात, आणि बरेच फॉन्ट आधी हिंदी वळण दाखवतात. आपल्या माणसाला कारण सांगता येत नाही, पण पाटी परकी वाटते. फॉन्टमध्ये मराठी वळण मिळत नसेल तर तेवढं अक्षर हाताने काढून घ्या.

दुसरी परीक्षा "बिऱ्हाड"सारख्या शब्दाची. त्यातला ऱ्ह म्हणजे अर्धा र आडव्या रेघेसारखा ह ला चिकटलेला. या भावांच्या टी-शर्टची फाइल मी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे चित्राच्या रेघांमध्ये, न बदलता छपाईला दिली. तिथल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, दुसरा लागला, आणि बारा टी-शर्टांवर ह च्या डोक्यावर रफार चढून आला. टी-शर्ट मी माझ्या खर्चाने परत छापून दिले. तेव्हापासून फाइल दुकानाबाहेर जाण्याआधी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू दाबून अक्षरं कर्व्हमध्ये बदलली की नाही, हे मी स्वतः तपासतो. तुम्हीही डिझायनरला हा प्रश्न विचारा.

मराठी की इंग्रजी? देवळाली कॅम्प, ओझर, सातपूर-अंबडच्या कंपन्या इथे बदलीवर आलेली अमराठी कुटुंबंही गिऱ्हाईक असतात, त्यामुळे दोन्ही लिप्या लागतात. पण पहिला मान देवनागरीला द्या, आणि हा कायद्याचाही भाग आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही पाटीवर सुरुवातीला देवनागरी लिपीत मराठी नाव लिहावं लागतं, आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. इंग्रजी लोगो करून खाली कोपऱ्यात मराठी नाव कोंबायचं, ही पद्धत तिथेच संपते. देवनागरी नाव मुख्य धरून रचना करा, इंग्रजी त्याच्या जोडीला येऊ द्या.

पायरी ५ : रंग

दोन रंग पुरे, आणि लोगो आधी काळ्या-पांढऱ्यात पूर्ण झाला पाहिजे. व्यावसायिक गाड्यांच्या नंबरप्लेट पिवळ्यावर काळ्या असतात. रंगांमधला तेवढा ठळक फरक तुमच्याही लोगोत हवा. लाल रेडियम आपल्या उन्हात लवकर विटतं, म्हणून मुख्य रंग लाल ठेवताना विचार करा. एखाद्या पक्षाच्या झेंड्याची आठवण होईल अशी रंगजोडी टाळा, निवडणुकीत उगाच प्रश्न येतात. आम्ही गोधडीतला गडद निळा घेतला आणि टाके पांढरे.

पायरी ६ : गाडीवर लावून बघा

लोगो स्क्रीनवर कितीही देखणा दिसो, तो जगणार फाळक्यावर. छोट्या हत्तीचा फाळका साडेचार-पाच फूट रुंद आणि जेमतेम फूटभर उंच. पाट्यांच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब आहे: दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर. मुंबई नाक्याच्या सिग्नलला पन्नास फूट मागच्या दुचाकीवाल्याला नाव वाचता यावं, तर अक्षर पाच इंच हवं. हे पाच इंच अक्षराच्या अंगाचे धरा. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार धरून ओळ आठ-नऊ इंचांवर जाते. म्हणजे फूटभर फाळक्यावर एकच ओळ बसते. फोन नंबर, "पुणे, मुंबई, सुरत", "खात्रीशीर सेवा" हे सगळं तिथे कोंबलं की काहीच वाचता येत नाही. फाळक्यावर खूण आणि नाव. नंबर दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर, पाच-पाच आकड्यांचे दोन गट करून. नंबरप्लेट आणि रिफ्लेक्टर टेप झाकू नका.

यासाठी लोगोच्या दोन मांडण्या करून घ्या: एक आडवी पट्टी आणि एक चौकोनी.

आता एक गोष्ट, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बाण किंवा धावता ट्रक उजवीकडे तोंड करून काढला, की तो ड्रायव्हरच्या बाजूला पुढे पळताना दिसतो. क्लीनर साइडला, म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाला, मात्र गाडीचं तोंड बघणाऱ्याच्या डावीकडे असतं, म्हणजे तोच बाण मागे पळतो. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे फुटपाथवरच्या माणसाला नेमकी हीच बाजू दिसते. खूण दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर प्रश्न मिटतो. दिशा हवीच असेल तर क्लीनर साइडसाठी फक्त चित्र उलटं करून घ्या, अक्षरं तशीच. आमच्या चौकोनातून धावदोरा आधी उजवीकडे बाहेर पडत होता. याच कारणाने तो मधोमध खाली सोडला.

खऱ्या मापाचा साधा कागदी प्रिंट काढा, टेपने फाळक्यावर लावा, गाडी रस्त्यापलीकडे उभी करा आणि अनोळखी माणसाला वाचायला सांगा. संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा बघा. मग उलट्या टोकाला जा. पावतीपुस्तकावरच्या दोन सेंटिमीटरच्या शिक्क्यात खूण उमटते का? आमचे चोवीस टाके शिक्क्यात शाईचा डाग झाले, म्हणून नऊ उरले. व्हॉट्सॲपच्या डीपीत चौकोनाचे कोपरे गोलाकार कापले जातात, तिथे काही महत्त्वाचं हरवत नाही ना? खाकी खोक्यावर एका रंगाच्या स्क्रीन प्रिंटमध्ये कसा दिसतो? धुळीने माखलेल्या गाडीवर? या सगळ्यातून उरेल तोच लोगो.

पायरी ७ : कायद्याची बाजू

लोगो पक्का करण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर मोफत शोध घ्या. वाहतूक, पॅकिंग आणि साठवणूक या सेवा वर्ग ३९ मध्ये येतात. नावाचे सारखे उच्चारही तपासा. "नाशिक पॅकर्स" अशा, नुसतं गाव आणि काम सांगणाऱ्या नावाला नोंदणी मिळणं अवघड असतं. वैयक्तिक किंवा लघुउद्योगाच्या नावाने ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, आणि नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. नोंदणी होईपर्यंत "टीएम" लावता येतं. गोलातला "आर" मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावणं गुन्हा आहे.

राष्ट्रध्वज, भारत सरकारची राजमुद्रा, छत्रपती शिवाजी महाराज किंवा महात्मा गांधी यांचं नाव वा चित्र धंद्याच्या खुणेत वापरायला १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे महाराजांवरच्या प्रेमापोटी ही मागणी येते, आणि मला ती प्रत्येक वेळी समजावून सांगावी लागते.

बाहेरच्या डिझायनरकडून काम करून घेतलं, तर पैसे दिले म्हणून कॉपीराइट आपोआप तुमच्याकडे येत नाही. एका कागदावर हस्तांतरण लिहून दोघांच्या सह्या घ्या. एआयने चित्र करून घेणार असाल, तर कल्पनांच्या पहिल्या कागदापुरतं ठेवा. जोडाक्षरं त्यात बऱ्याचदा मोडून येतात, आणि तसलंच चित्र दुसऱ्यालाही मिळू शकतं.

पायरी ८ : काय हातात घ्यायचं

डिझायनरकडून फक्त जेपीजी घेऊन उठू नका. मूळ सीडीआर (कोरलची) किंवा एआय (इलस्ट्रेटरची) फाइल, अक्षरं कर्व्ह केलेली पीडीएफ, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, नुसती काळी आणि नुसती पांढरी आवृत्ती, आडवी आणि चौकोनी मांडणी, एवढं मागून घ्या. पेन ड्राइव्हवर ठेवा आणि स्वतःच्या ईमेलवरही पाठवून ठेवा. दुकानं बंद पडतात, कॉम्प्युटर जळतात.

शिवाय एका कागदावर रंगांचे छपाईचे आकडे, फॉन्टचं नाव, फाळक्यावरचं अक्षराचं माप आणि खुणेभोवती सोडायची मोकळी जागा लिहून घ्या. त्या भावांनी असा कागद लॅमिनेट करून दोन्ही गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये ठेवला आहे. पिकअपचा फाळका मध्यंतरी ठोकला गेला आणि तो सिन्नरला दुसऱ्याच पेंटरकडून रंगवून आला. मी टेप लावून मोजलं. नऊच्या नऊ टाके जागेवर होते.